नुसते शेजारी, की खरंच चिकटलेले? बोंडअळीच्या पेशीत डोकावताना

बीड जिल्ह्यात कापसाची गोष्ट कुणाला नव्याने सांगायला नको. बीटी बियाणं लावूनही बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघते, हे गेवराई-माजलगावच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. २०१७ च्या हंगामात तर राज्यभर तिने धुमाकूळ घातला. झाडात विष आहे, अळी ते खातेही आहे, मग मरत का नाही? याचं उत्तर शोधायला आज आपण अळीच्या पेशीत शिरू.

बीटी कापसात क्राय१एसी नावाचं प्रथिन असतं. अळीच्या आतड्यात ते तिथल्या पेशींवरच्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतं. ही गाठ पडली की पुढे पेशींना भोकं पडतात आणि अळी मरते. गाठच पडली नाही, तर विष पोटातून नुसतं निघून जातं. म्हणजे सगळा खेळ दोन प्रथिनांच्या भेटीवर आहे.

ही भेट बघायची कशी? आधी प्रथिनं दिसायला हवीत. १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं. १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी त्याचं जनुक दुसऱ्या सजीवांत घालून तेही चमकतात हे दाखवलं. रॉजर त्सिएन यांनी त्यात निरनिराळे रंग आणले. तिघांना २००८ चं नोबेल मिळालं. आता हव्या त्या प्रथिनाला हे चमकणारं शेपूट जोडता येतं आणि पेशी जिवंत असतानाच त्याचा माग काढता येतो.

पण एक अडचण उरते. समजा, आठवडी बाजारात आपण पाण्याच्या टाकीवरून बघतोय. एक लाल पटका आणि एक पांढरी टोपी एकाच दुकानापुढे दिसतात. त्यांचा सौदा चाललाय, की नुसतीच गर्दी आहे? वरून कळत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाचंही तसंच. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके त्याला एकच दिसतात. प्रथिनं त्याहून कितीतरी लहान!

इथे ‘फ्रेट’ ही पद्धत कामाला येते. एका प्रथिनाला निळसर शेपूट, दुसऱ्याला पिवळं. प्रकाश टाकायचा तो निळ्याला चेतवणारा. दोघं साधारण १० नॅनोमीटरच्या आत आली, तर निळ्याची ऊर्जा थेट पिवळ्याकडे जाते. निळा मंदावतो, पिवळा उजळतो. अंतर दुप्पट झालं की या देवघेवीचा वेग ६४ पटीने घटतो. कानात कुजबुजल्यासारखं हे. जवळ असेल त्यालाच ऐकू येतं.

तरी जपून. पिवळा उजळला नाही म्हणजे भेट झालीच नाही, असं नव्हे. शेपटांच्या दिशा एकमेकींशी जुळत नसल्या तरी ऊर्जा पोचत नाही. म्हणून दुसऱ्या पद्धतीनेही खात्री करावी लागते.

आणि त्याआधीचा प्रश्न: प्रथिन भेटीच्या जागी पोचलं तरी का? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये कॅडहेरिनचा जनुकीय निरोपच चुकीचा जोडला जातो, असं आढळलं. चीनमधल्या अळ्यांवरच्या २०१८ च्या अभ्यासात तर बिघडलेलं कॅडहेरिन पेशीच्या पृष्ठभागावर न येता आतल्या आंतर्द्रव्यजालिकेतच अडकलेलं दिसलं. कुलूप दाराला लागलंच नाही, तर किल्ली फिरणार कुठे?

म्हणून विषाची मात्रा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. दुसरं विष, क्राय२एबी, आणलं. त्याच्याविरुद्धही अळीने वेगळा मार्ग काढला. शेतात आपल्या हाती उरतं ते जुनंच काम: फरदड न घेणं, पऱ्हाटी वेळेत काढणं, कामगंध सापळे लावणं आणि बिगर-बीटी ओळी खरोखर पेरणं. त्या ओळींवर जगलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले, तर बिघडलेलं जनुक पुढच्या पिढीत एकवटायला वेळ लागतो. तोवर विष चिकटायला निदान काही कुलपं शाबूत राहतात.