अक्षरे दोन, अर्थ अनेक

औषधचिठ्ठीवरील 'ओ.डी.' ही अक्षरे आपण 'दिवसातून एकदा' अशी वाचतो. नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीत मात्र तीच लॅटिन भाषेतील 'उजवा डोळा' या शब्दांची आद्याक्षरे असतात. अशाच संभ्रमामुळे अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४ साली 'क्यू.डी.'सारखी, म्हणजे 'दररोज एकदा' या अर्थाची, काही लघुरूपे वापरण्यास मनाई केली.

आपल्या भंडारा जिल्ह्यात याहून गंभीर उदाहरण सिकलसेलच्या तपासणी अहवालाचे आहे. कानाच्या औषधाबाबत 'ए.एस.' म्हणजे डावा कान; सिकलसेल अहवालात 'ए.एस.' म्हणजे वाहक आणि 'एस.एस.' म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. वाहक सामान्यतः निरोगी असतो. त्यास रुग्ण समजून औषधे देणे अनुचित होय. परंतु रुग्णास वाहक समजून निर्धास्त ठेवणे घातक ठरते, कारण त्यास ताप वा तीव्र वेदना झाल्यास तातडीने रुग्णालयात पाठवावे लागते. वधू-वर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वीचा सल्ला या एका अक्षरावर अवलंबून असतो.

आयुर्वेदाने औषधसेवनकालास प्राग्भक्त, अधोभक्त अशी अर्थवाही नावे दिली आहेत. वैद्यांनीही चिठ्ठीवर 'जेवणापूर्वी', 'जेवणानंतर', 'दिवसातून एकदा' असे मराठीत पूर्ण लिहावे. औषधालयचालकांनी शंका येताच वैद्यांस विचारावे; अंदाजाने औषध देऊ नये.