घोड्यांसाठी बांधला, सायकलींना मिळाला

आल्प्समधले काही घाट मोटारींना कायमचे बंद आहेत, काही ठरावीक वारी आणि काही वर्षातून एखाद्या दिवशी. तेवढ्या वेळात त्या रस्त्यावर नेमकं काय बदलतं?

स्वित्झर्लंडच्या सहलीमुळे ग्रिंडेलवाल्ड हे गाव मराठी पर्यटकांच्या चांगलं ओळखीचं झालं आहे. युंगफ्राऊला निघालेली मंडळी इथे आयगरच्या काळ्या कड्यासमोर फोटो काढतात आणि रेल्वेने वर जातात. त्याच गावातून एक अरुंद डांबरी रस्ता दुसऱ्याच दिशेला चढतो, ग्रोसे शायडेग या १९६२ मीटर उंचीवरच्या खिंडीकडे. वाटेत खासगी गाड्यांना मनाई करणारी पाटी लागते. तिथून खिंडीपर्यंत आणि पलीकडे श्वार्त्सवाल्डआल्पपर्यंत भेटतात त्या सायकली, पायी चालणारे, कुरणातल्या गाई आणि पोस्टाची पिवळी बस.

ही बस दिसण्याआधी ऐकू येते. पुढचं दिसत नाही अशा वळणाआधी ड्रायव्हर तीन सुरांचा भोंगा वाजवतो. हे सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराच्या सुरुवातीच्या संगीतातून घेतलेले आहेत. डोंगरातल्या पोस्टाच्या रस्त्यांवर बसच्या ड्रायव्हरने खूण केली की इतरांनी ती पाळायची, असा स्विस नियमच आहे. सायकलवाला भोंगा ऐकतो, कडेला पाय टेकतो, बस गेली की पुन्हा पायडल मारायला लागतो. तेवढा आवाज सोडला तर उरतात गाईंच्या गळ्यातल्या घंटा आणि स्वतःचा श्वास.

बंदीच्या तीन तऱ्हा

मोटारींशिवायचा घाट म्हटलं की नवा, वेगळा मार्ग डोळ्यांसमोर येतो. आल्प्समध्ये बहुतेक ठिकाणी मात्र रस्ता जुनाच आहे, बदललंय ते वेळापत्रक. पहिली तऱ्हा ग्रोसे शायडेगसारखी, कायमच्या बंदीची. दुसरी ठरावीक वारांची आणि तासांची. स्वित्झर्लंडमध्येच म्युओटाटाल आणि ग्लारुस यांना जोडणारा प्रागेल घाट आहे. त्याच्या ग्लारुसकडच्या टप्प्यावर शनिवार-रविवारी मोटारींना प्रवेश नसतो. फ्रान्समधल्या ओत-आल्प भागात उन्हाळ्यातल्या काही जाहीर दिवशी २३६० मीटर उंचीच्या इझोआरसारख्या खिंडी सकाळचे काही तास फक्त सायकलींसाठी राखून ठेवतात.

तिसरी तऱ्हा जत्रेची. इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत ‘सेलारोंडा बाइक डे’ला सेला, पोर्दोई, गार्देना आणि कांपोलोंगो या चार खिंडींची सुमारे ५५ किलोमीटरची प्रदक्षिणा घालता येते. ना स्पर्धा, ना नंबर, ना घड्याळ. त्याच भागात १९८७पासून होणारी ‘माराटोना डलेस डोलोमाइट्स’ ही सायकल शर्यत मात्र नाव नोंदवून, नशीब असेल तरच मिळणारी. तिचा सर्वात लांब मार्ग १३८ किलोमीटरचा आणि त्यात चढाईच चार हजार मीटरहून जास्त.

अठ्ठेचाळीस वळणं

या सगळ्यांत मानाचा घाट स्टेल्व्हिओ, तोही ‘बाइक डे’ला मोटारींना बंद असतो. इटलीच्या उत्तर टोकाला, समुद्रसपाटीपासून २७५७ मीटरवर. १८१५ नंतर लोंबार्दी ऑस्ट्रियाच्या ताब्यात आली आणि व्हिएन्नाच्या राज्यकर्त्यांना तिथवर पोचायला डोंगरातून रस्ता हवा झाला. कार्लो डोनेगानी या इंजिनिअरने तो १८२० ते १८२५ या पाच वर्षांत बांधून दिला. पुढे साम्राज्य गेलं, सरहद्द सरकली, आता हा घाट दोन्ही बाजूंनी इटलीतच उतरतो. वळणं मात्र डोनेगानीचीच आहेत. प्राद गावाकडून चढताना ती अठ्ठेचाळीस भरतात आणि प्रत्येकावर क्रमांकाचा दगड आहे. आकडे वर जाताना उतरत जातात: अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, शेहेचाळीस. दमलेल्या माणसाला हा उलटा हिशेब धीरही देतो आणि छळतोही.

डोनेगानीसमोर सायकल नव्हती, ती अजून जन्मायची होती. त्याच्यासमोर होता गाडीला जुंपलेला घोडा. घोड्याला एका मर्यादेपलीकडचा चढ ओढवत नाही, म्हणून डोंगराला सरळ न भिडता नागमोडी जायचं, लांबी वाढवायची आणि चढ सौम्य ठेवायचा. प्रादपासून खिंडीपर्यंत साधारण साडेचोवीस किलोमीटरमध्ये हा रस्ता अठराशे मीटरहून जास्त उंची गाठतो. म्हणजे सरासरी साडेसात टक्के: शंभर मीटर पुढे गेलात की साडेसात मीटर वर. घोड्याला झेपेल असा हा चढ माणसाच्या पायांनाही झेपतो.

झेपतो म्हणजे सोपा नव्हे. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर हे वजन १८०० मीटर उचलायला सुमारे चौदा लाख ज्यूल ऊर्जा लागते. दोन तासांत चढायचं तर सलग दोनशे वॉटच्या वर ताकद हवी. नियमित सराव करणाऱ्यालाही ती दोन तास टिकवणं जड जातं, बहुतेकांना अडीच-तीन तास लागतात. त्यात माथ्यावरची हवा समुद्रकाठापेक्षा पाव हिश्श्याहून जास्त विरळ, आणि सगळ्यात दमवणारा टप्पा नेमका तिथेच.

१९५३ साली ‘जिरो द’इतालिया’ ही सायकल शर्यत पहिल्यांदा या घाटातून गेली. फाउस्टो कोप्पीने इथेच स्वित्झर्लंडच्या ह्यूगो कोब्लेटला मागे टाकलं आणि कारकिर्दीतलं पाचवं जिरो जिंकलं. आजही त्या शर्यतीतल्या सर्वात उंच ठिकाणाला ‘चिमा कोप्पी’, म्हणजे कोप्पीचं शिखर म्हणतात.

वळणाची आतली बाजू

मोटारी नसल्या की काय बदलतं, हे बघायला एका वळणाशी थांबावं लागेल. घाटातलं तीव्र वळण आत आणि बाहेर सारख्याच उंचीने चढतं, पण आतली बाजू आखूड असते, बाहेरची लांब. समजा वळणात रस्ता दीड मीटर वर जातो. आतल्या कडेला हे दीड मीटर साडेबारा मीटरच्या वाटेत उरकावे लागतात, म्हणजे चढ बारा टक्के. तीनच मीटर बाहेरून गेलात तर तेवढीच उंची बावीस मीटरमध्ये गाठता येते, चढ सात टक्क्यांवर येतो. वळण तेच, घाम निराळा.

आल्प्समधल्या देशांत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. त्यामुळे उजवीकडे वळताना चढणारा सायकलवाला आपोआप आतल्या, उभ्या कडेला ढकलला जातो. मागे मोटार गुरगुरत असताना बाहेर सरकायची कुणाची छाती होणार? रस्ता बंद असला की निदान आपल्या बाजूच्या मधल्या रेषेपर्यंत सुखाने येता येतं. म्हणजे फाटक लागलं की नुसती शांतता येत नाही, चाकाखालचा चढही कमी होतो.

घोड्याचा हिशेब सुटला की काय होतं, ते फ्रान्समधल्या कोल द ला लोझवर दिसतं. मेरिबेल आणि कुर्शेवेल या स्कीइंगच्या गावांच्या वर, २३०४ मीटर उंचीवरची ही वाट २०१९मध्ये खास सायकलींसाठी खुली झाली. माथ्यालगतच्या टप्प्यात मोटारींना जागाच नाही. पण ती स्कीच्या उतारांच्या अंगाने जाते, आणि स्कीच्या उतारांना घोड्याशी देणंघेणं नव्हतं. चढ एकाएकी वीस टक्क्यांच्या पुढे जातो, मग जरा सैल होतो, मग पुन्हा उभा. लय लागतच नाही. २०२३च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये तादेई पोगाचारने या टप्प्यावर आघाडीवरच्या योनास विंगेगोच्या तुलनेत पावणेसहा मिनिटं गमावली आणि शर्यत तिथेच निकालात निघाली. गंमत म्हणजे गर्दीत शर्यतीच्याच गाड्या त्या चढावर खोळंबल्या आणि खुद्द विंगेगोला वेग कमी करावा लागला.

फाटकामागचे लोक

मोटारी थांबवणं सगळ्यांनाच रुचतं असं नाही. खिंडीवरचं हॉटेल किंवा सॉसेजची टपरी चालते ती गाडीतून उतरणाऱ्या गिऱ्हाइकांवर. २०१७च्या जुलै-ऑगस्टमध्ये सेला खिंडीत दर बुधवारी दिवसा मोटारी बंद ठेवून पाहिल्या, पण स्थानिक व्यावसायिकांचा विरोध झाला आणि प्रयोग त्याच रूपात पुढे चालला नाही. वर्षातून एखादा दिवस, तोही आधी जाहीर केलेला, मात्र सहज खपतो, कारण त्या दिवशी टपरीपुढे हजारो भुकेले सायकलवाले असतात.

जाणाऱ्यानेही एक ध्यानात ठेवावं: मोकळा रस्ता म्हणजे रिकामा रस्ता नव्हे. स्टेल्व्हिओच्या बाइक डेला चढणारे आणि उतरणारे एकाच रस्त्यावर असतात. उतरणाऱ्याने मधली रेष ओलांडली, तर समोरून येणाऱ्याला मोटारीइतकाच धोका. सलग ब्रेक दाबून ठेवले तर ते तापतात, म्हणून वळणाआधी जोरात दाबायचे आणि मग सोडून द्यायचे. आणि चढताना घामाने भिजलेलं अंग उतरताना गारठतं. जुने शर्यतपटू माथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र मागून घ्यायचे आणि जर्सीखाली छातीवर सारायचे, वारा अडवायला. पातळ जाकीट हा त्याचा आजचा अवतार.

दुपार कलली की पोलीस फाटकं बाजूला करतात. आधी एक मोटरसायकल येते, मग मोटारींची रांग. ज्याचे अजून पाच-सहा दगड उरलेत तो मान खाली घालून चढत राहतो. पुढचं वळण उजवीकडे असलं, तर तो मुकाट्याने आतल्या कडेला सरकतो. इथे चढ पुन्हा बारा टक्के.