पूर ओसरल्यानंतरचें नगरदप्तर : चिपळूण व गोदाकांठ

मोडी रुमालांच्या शोधांत असणाऱ्या आपल्या मंडळींचें लक्ष साधारणतः शंभर-दीडशें वर्षांपलीकडील कागदांवर असतें. नगरपरिषदेचें काल-परवांचें टिपण कोणी आणून दिलें तर तें रद्दींत घालण्याकडे आपला कल होतो. परंतु पेशवेदप्तरांतील ज्या कागदांवर आज आपण लेख लिहितों, त्यांतील बराच भाग हा त्या काळच्या मामलेदार-कारकुनांचीं असलींच काल-परवांचीं टिपणें होता : कोणाच्या साऱ्याची सूट, कोणाच्या वसुलाची तहकुबी, कोणास तगाई. म्हणून एखाद्या शहरास पूर येऊन गेल्यावर तेथील नगरसंस्था व सरकारी खातीं कोणते कागद निर्माण करतात, त्यांतील कोणता कागद कशाची साक्ष देतो व कशाची देऊं शकत नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरण म्हणून चिपळूण घेतलें आहे, व तुलनेसाठीं आमचा गोदाकांठ.

चिपळूण हें वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावरील लहानसें शहर. सह्याद्रीवरून उतरणारी ही नदी शहराखालीं गोवळकोटाकडे खाडीचें रूप घेते व पुढें दाभोळ-अंजनवेल येथें समुद्रास मिळते. शिव नदी तर शहरांतूनच वाहत येऊन तिला मिळते. शिवाय कोयनेच्या वीजगृहांत वापरलेलें पाणी कोळकेवाडीमार्गें याच पात्रांत उतरतें. म्हणजे पूर्ववाहिनी कृष्णेच्या खोऱ्यांत पडलेल्या पावसाचा एक वांटा मनुष्ययोजनेनें पश्चिमवाहिनी झालेला आहे. २६ जुलै २००५ रोजीं व पुन्हां २२ जुलै २०२१ रोजीं हें शहर बुडालें. १८६४ सालीं स्थापन झालेलें व आज लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर या नांवानें ओळखलें जाणारें तेथील ग्रंथालय दोन्ही वेळां पाण्याखालीं गेलें व त्याच्या संग्रहाची मोठी हानि झाली. या दोन पुरांच्या मधल्या काळांत, २०१३ सालीं, याच वाचनमंदिराच्या यजमानपदाखालीं मराठी साहित्यसंमेलन भरलें होतें. त्याचे अध्यक्ष नागनाथ कोत्तापल्ले हे आमच्या नांदेड जिल्ह्यांतील मुखेडचे. पोथ्या जमविणाऱ्या आपल्यासारख्यांस चिपळूणची कथा परकी वाटूं नये, ती अशी दोन्ही अंगांनीं.

पाणी ओसरतांच जो पहिला कागद जन्मास येतो तो पंचनामा. संस्कृत ‘पंच’ व फारसी ‘नामा’ यांचा हा संकर आपल्या भाषेंत इतका रुळला आहे कीं त्याचें दुहेरी कुळ कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. तलाठी, ग्रामसेवक, कृषि-सहायक व शहरांत नगरपरिषदेचे कर्मचारी यांचीं पथकें घरोघर जाऊन, साक्षीदारांच्या सह्या घेऊन तो लिहितात. पंचनामा प्रत्यक्ष जागेवर व चिखल ओला असतांना लिहिलेला असतो, हें त्याचें सर्वांत मोठें बळ. भिंतीवरील पाण्याची खूण पुढील आठवड्यांत पुसली जाते, सांगणाऱ्याच्या आठवणींत पाणी दरवर्षीं बोटभर वाढतें. कागदावरचें तेवढें स्थिर राहतें.

परंतु पंचनाम्याचे रकाने हे नुकसानाच्या स्वरूपावरून पडत नाहींत. ते मदतीच्या नियमांवरून पडतात. ही गोष्ट लक्षांत न घेतां जो पंचनाम्यांची बेरीज करील तो फसेल. २०२१ च्या पुरानंतर राज्य मंत्रिमंडळानें ३ ऑगस्ट रोजीं ११,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. तींत पूर्ण पडलेल्या घरास १,५०,००० रुपये. कपड्यांसाठीं ५,००० व भांड्यांसाठीं ५,००० रुपये दर कुटुंबास. दुकानदारास प्रत्यक्ष नुकसानाच्या पाऊणपट, परंतु ५०,००० रुपयांच्या आंत. टपरीवाल्यास त्याच मानानें १०,००० रुपयांच्या आंत, असें प्रमाण होतें. दुकानदार स्थानिक रहिवासी असावा, मतदारयादींत त्याचें नांव असावें, त्याजवळ शिधापत्रिका असावी, अशा अटी होत्या. परगांवाहून येऊन भाड्याच्या गाळ्यांत धंदा करणारा मनुष्य या अटींत बसत नाहीं. त्याचा माल इतरांच्या मालाबरोबरच वाहून गेला, परंतु मदतीच्या यादींत त्यास जागा नाहीं. पुढील शतकांतील संशोधक ती यादी पाहून ‘त्या पेठेंत इतकेच दुकानदार होते’ असें लिहून बसेल, ही भीति काल्पनिक नव्हे. जुन्या जमाबंदीवरून लोकसंख्या मोजणाऱ्या आपल्या कांहीं विद्वानांनीं नेमका हाच प्रमाद केलेला आहे. पोथ्या, हस्तलिखितें व ग्रंथ यांना तर या निर्णयांत स्वतंत्र रकानाच नव्हता.

त्याच निर्णयांतील एक बारकावा पाहण्याजोगा आहे. कपडे-भांड्यांच्या मदतीसाठीं क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यांत असावें अशी मूळ अट होती. ती या वेळीं शिथिल करण्यांत आली. गोदावरीसारख्या संथ, रुंद नदीच्या पुरास ती अट सहज लागू पडते. परंतु कोंकणांतील पूर हा घाटाच्या पायथ्याचा पूर. तो झपाट्यानें चढतो व ओहोटीबरोबर उतरतोहि लवकर. तेथें ही अट कायम राहिली असती तर छपराला पाणी टेकलेलें घरहि कागदोपत्रीं कोरडेंच ठरतें. एका वाक्याच्या सवलतीनें हजारों कुटुंबांचें पूरग्रस्तपण ठरावें, हें दप्तर वाचणारानें विसरूं नये.

दुसरा कागद सभेचा ठराव. नगरपरिषदेच्या सभेच्या कामकाजास ‘इतिवृत्त’ म्हणतात. नाट्यशास्त्रानें इतिवृत्तास नाट्याचें शरीर मानलें आहे. त्या शब्दास पुढें नळ-गटारांच्या चर्चेंत येऊन बसावें लागेल हें भरतमुनीस कोठून ठाऊक असणार! तथापि शब्द अगदींच अस्थानीं नाहीं. ठरावाखालीं सूचक व अनुमोदक यांचीं नांवें असतात, विरोध नोंदलेला असतो, तहकुबी असते. म्हणजे संघर्ष दिसतो. चिपळूणच्या बाबतींत येथें एक मोठा खंड पडला आहे. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, व राज्यांतील इतर असंख्य नगरपरिषदांप्रमाणें तेथेंहि प्रशासक आला. नव्या निवडणुका थेट २०२५ च्या डिसेंबरांत झाल्या. पुरानंतरचा पांच महिन्यांचा काळ तेवढा लोकनियुक्त सभेचा. पुढील चार वर्षांचे निर्णय प्रशासकीय ठरावानें झाले. अशा ठरावांत सूचक नाहीं, अनुमोदक नाहीं, विरुद्ध मत नाहीं. कारभार थांबला असें माझें म्हणणें नाहीं. परंतु निर्णयामागील वाद कागदावर उमटला नाहीं, व इतिहासाच्या दृष्टीनें वाद हाच ठरावाचा अर्धा भाग होय.

हा वाद त्या काळांत रस्त्यावर मात्र झाला. २०२१ च्या डिसेंबरांत चिपळूण बचाव समितीनें वाशिष्ठी व शिव या नद्यांतील गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केलें, व त्यानंतर गाळ काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. त्या कामाचे मुख्य कागद नगरपरिषदेंत सांपडावयाचे नाहींत. ते जलसंपदा खात्याकडे. उपोषणाचीं पत्रकें, निवेदनें व त्यांवरील पोंचेच्या सह्या या तर कोणत्याच कार्यालयाच्या नव्हेत. त्या व्यक्तींच्या घरीं आहेत, आणि संग्राहकाचें खरें काम तेथेंच आहे.

पूर कशानें आला, या प्रश्नावर शहरांत तीव्र मतभेद होता. कोणी अतिवृष्टीस कारण मानिलें, कोणी पात्रांतील गाळास, कोणी कोळकेवाडीहून उतरलेल्या पाण्यास, कोणी भरतीस. यांतील कोणता पक्ष खरा, हें ठरविण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु प्रत्येक पक्षाचा पुरावा निराळ्या कागदांत आहे, व ते कागद निराळ्या घरांत आहेत. पावसाचें मान महसूल मंडळांच्या पर्जन्यनोंदींत. गाळाचें मान पात्राच्या पूर्वीच्या व नंतरच्या आडव्या छेदांच्या नकाशांत. वीजगृहांतून तासातासास किती पाणी सुटलें तें तेथील नोंदवहींत. आणि भरतीची वेळ व उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांत, जें वर्षारंभापूर्वींच छापून झालेलें असतें व म्हणून कोणाच्याहि सोयीनें बदलतां येत नाहीं. या चार नोंदी एकाच घड्याळावर मांडल्या म्हणजे वादाचा निम्मा भाग आपोआप गळून पडेल. त्यांतील एक जरी नष्ट झाली तरी उरलेल्या तिघींचें मोल एकदम घटतें.

आतां पूररेषेकडे वळूं; कारण सर्वांत दूरगामी कागद हाच. महाराष्ट्रांत १९८९ पासूनच्या शासकीय नियमांप्रमाणें नदीकांठीं दोन रेषा आंखल्या जातात : सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्याची लाल. निळीच्या आंत निषिद्ध क्षेत्र, निळी व लाल यांच्यामध्यें नियंत्रित क्षेत्र. ‘पंचवीस वर्षांतून एकदां’ याचा अर्थ एक पूर येऊन गेला कीं चोवीस वर्षें स्वस्थ निजावें असा नव्हे. कोणत्याहि एका वर्षीं तो येण्याचा संभव शेंकडा चार, एवढाच त्याचा अर्थ. व त्या हिशेबानें पंचवीस वर्षांत तो एकदां तरी येण्याचा संभव शेंकडा चौसष्टाच्या घरांत जातो. चिपळुणासारख्या नदी व खाडी यांच्या बेचक्यांत वसलेल्या शहरांत या रेषा जुन्या पेठेवरूनच जातात. ज्याचें पिढीजात घर निळ्या रेषेच्या आंत आलें त्यास तें नव्यानें बांधणें कठीण होतें. म्हणून तेथें या आंखणीस हरकती निघाल्या. पात्र गाळानें भरलेलें असतां काढलेली रेषा गाळ काढल्यावरहि तीच कशी राहील, हा त्यांतील प्रश्न मला विचारार्ह वाटतो. जुनी रेषा, नवी रेषा व दोहोंच्या तारखा यांच्या प्रती यासाठींच जपल्या पाहिजेत.

ही कल्पना परदेशांतून आली असें समजणारांनीं कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें चौथें अधिकरण पाहावें. दैवी आपत्तींच्या उपायांत तेथें सांगितलें आहे कीं नदीकांठच्या गांवांनीं पावसाळ्यांत ‘पूरवेला’ सोडून राहावें, फळ्या, बांबू व नावा जवळ ठेवाव्या, आणि वाहून जाणाऱ्यास जो वांचविणार नाहीं त्यास बारा पण दंड करावा. ज्याजवळ तरण्याचें साधनच नाहीं तो मात्र दंडास पात्र नव्हे. पूररेषेस याहून सुटसुटीत शब्द मला माहीत नाहीं.

रेषेबरोबर पातळी येते, व पातळीबरोबर शून्य कोठें धरलें हा प्रश्न. नांदेडच्या जुन्या पुलापाशीं गोदावरीची इशारा-पातळी ३५१ मीटर व धोका-पातळी ३५४ मीटर. वाशिष्ठीची चिपळुणास ५ व ७ मीटर. नांदेडचा आंकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे, त्या शहराची भूमीच तितकी उंच. हे दोन आंकडे शेजारीं मांडून तुलना करणें म्हणजे शके व इसवी सन यांची वजाबाकी विसरण्यासारखें आहे. जुन्या कागदांतील हात, गज व पुरुष यांतील पाण्याच्या उंचीसहि हीच कसोटी लावावी.

आमच्याकडे तर नदी एक व दप्तरें दोन राज्यांचीं. नांदेड जिल्ह्यांतील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ठरवून दिलें. ते उघडण्याचें काम दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांसमक्ष होतें. हा निर्णय पाणीवाटपाच्या वादांतला, परंतु त्यामुळें दरवर्षीं ठराविक तारखेची एक नोंद आपोआप तयार होऊं लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्यें मुखेड तालुक्यांतील हसनाळ येथें रात्रींतून पाणी शिरून माणसें दगावलीं, व सप्टेंबरांत नांदेड-लातूरकडील विस्तीर्ण शेती बुडाली. ज्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें तेंच हें लातूर. या पुराचे पंचनामे अद्याप ताजे आहेत.

१९४८ पूर्वींचें आमच्या भागांतील नगरदप्तर पाहावयाचें तर मोडी पुरत नाहीं, उर्दू वाचतां आली पाहिजे. कारण हैदराबाद संस्थानचा कारभार उर्दूंत चाले. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर त्या संस्थानानें विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला, १९१२ सालीं राजधानीच्या सुधारणेसाठीं स्वतंत्र मंडळ नेमलें, पुढें उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे तलाव बांधले. पुरानंतरच्या कागदांतून कायमचें बांधकाम कसें उभें राहतें, याचें आमच्या जुन्या राज्यांतलें उदाहरण तें हेंच.

शेवटीं कागदाच्या देहाविषयीं. दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याचा हातकागद व त्यावरील काजळीची शाई भिजल्यावरहि पुष्कळ वेळां वाचतां येते, मात्र ओली असतांना तिला बोट लावूं नये. आजच्या दप्तराची स्थिति अधिक नाजुक आहे : बॉलपेनची सही टिकते, जेलपेनची विरघळते, लेझर-छपाई राहते, शाईफवाऱ्याची पसरते, पावतीचा उष्णताग्राही कागद तर पुराविनाहि कांहीं वर्षांत कोरा होतो. भिजलेल्या बस्त्यांवर दोन-तीन दिवसांत बुरशी चढते. तेवढ्या अवधींत वाळवणें शक्य नसेल तर ते शीतगृहांत गोठवून ठेवावे व मग सवडीनें एकेक सोडवावे. उन्हांत मुळींच घालूं नयेत.

पाण्यापासून वांचलेला कागद नियमानें जातो तो निराळाच. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, बाकीचे थोड्या वर्षांत नाशास पात्र. २००५ च्या चिपळुणांतील ‘ब’ वर्गाची मुदत २०३५ च्या सुमारास भरेल. ‘क’ व ‘ड’ यांची केव्हांच भरली. कोणत्याहि नगरपरिषदेच्या अभिलेखकक्षांत गेल्यावर प्रथम नस्तीच्या पाठीवरील वर्गाचें अक्षर पाहावें, व नंतर नाश केलेल्या अभिलेखांची नोंदवही मागावी.