ट्रेलर बोलला ते खरं झालं

2019 च्या जुलैत ‘कॅट्स’चा ट्रेलर आला आणि अंगभर लव उगवलेली, शेपटी हलवणारी माणसं बघून लोकांनी कपाळावर हात मारला. पहिलीच प्रतिक्रिया अचूक निघाली! पुढे वाईट चित्रपटांसाठीच्या रॅझी पुरस्कारांमध्ये ‘कॅट्स’च ‘सर्वात वाईट चित्रपट’ ठरला.

ऑस्करचे जाणकार मात्र त्याच हंगामात तोंडघशी पडले. गोल्डन ग्लोब, बाफ्टा, निर्माते आणि दिग्दर्शकांच्या संघटना, सगळीकडे सरशी ‘1917’ या चित्रपटाची, म्हणून ऑस्करही त्यालाच मिळेल असं ते धरून चालले होते. अभिनेत्यांच्या संघटनेनं तेवढं ‘पॅरासाइट’ या चित्रपटाच्या कलाकारांना निवडलं, आणि तिथे अख्खं सभागृह त्यांच्यासाठी उभं राहिलं होतं.

शिवाय सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसाठी मतदार पसंतीक्रम लावतात, त्यामुळे अनेकांचा दुसरा-तिसरा लाडकाही बाजी मारू शकतो.

9 फेब्रुवारी 2020 च्या सोहळ्यात ‘पॅरासाइट’नं चार ऑस्कर नेले. सर्वोत्तम चित्रपट ठरलेला तो पहिला बिगर-इंग्रजी सिनेमा.