स्टेशनमास्तरचा हमाल आणि मनमाडची परिषद

दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला. नगर, राहुरी, पुणतांबा, कोपरगाव करत तो नगर जिल्हा ओलांडतो आणि मनमाडला मुख्य मार्गाला मिळतो. याच मनमाडमध्ये 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

रेल्वेत अस्पृश्याला काम मिळे ते बहुतेक गँगमनचे. उन्हातान्हात रुळांखालची खडी ठोकायची आणि जन्मभर गँगमनच राहायचे. स्टेशनवरची हमालीही त्याच्या वाट्याला येत नसे. कारण ऐकले तर आज हसू येईल, पण ते खरे आहे. हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागत. मास्तर सवर्ण, म्हणजे पाण्याची घागर, स्वयंपाकघर, सगळाच विटाळ! सरकारी जागा कोणाला द्यायची, हे मास्तरणीच्या चुलीवरून ठरे.

त्याच काळात अमेरिकेत पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांतले हमाल मात्र बहुतेक कृष्णवर्णीयच असत. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या हमाल संघटनेने कंपनीशी करार केला तो 1937 साली, मनमाडच्या परिषदेआधी जेमतेम सहा महिने. तिकडे वर्णामुळे जे काम गळ्यात पडे, तेच इकडे जातीमुळे हातून जाई.

मुंबईच्या गिरण्यांतही हेच. कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून ओढून घेण्यासाठी विणकर तोंड लावत, म्हणून जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद. ही बंदी गिरणीमालकापेक्षा सोबतच्या कामगारांनाच जास्त हवी होती, ही त्यातली खरी बोच. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा पुढाऱ्यांपुढे नेटाने मांडला.

वेगळी परिषद म्हणजे कामगारांत फूट, अशी ओरड झालीच. मनमाडला बाबासाहेबांनी उत्तर दिले: कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर समता नाकारणारी वृत्ती, आणि ती कामगारांतही आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

आणि फुटीचे म्हणाल, तर त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते.