फोर व्हील चिखलात घाला, डांबरीवर काढा



आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टची. एकरी दहा हजारांच्या आसपास दोन डोळ्यांची टिपरी लागतात. हे बेणे ज्या दिवसांत बांधावर पोचवायचे, त्याच दिवसांत पैठण-गंगापूरच्या गोदाकाठची काळी जमीन चाक गिळते. अशा वेळी फोर व्हील ड्राइव्हची पिकअप फार उपयोगी पडते. मात्र शेतातून निघालेली गाडी तशीच फोर व्हीलमध्ये डांबरीवर पळवणे धोक्याचे आहे. ते का, हे आम्ही येथे सांगत आहोत.

या गाड्यांत साधारणपणे तीन खुणा असतात. टू-एचमध्ये ओढ फक्त मागच्या चाकांना मिळते, फोर-एचमध्ये चारही चाकांना. फोर-एलमध्येही चारही चाके ओढतात, पण वेग कमी आणि ताकद जास्त.

बहुतेक पिकअपमध्ये फोर व्हील घातले की पुढचा व मागचा आस एकमेकांना जखडले जातात. वळताना मात्र पुढची चाके मोठ्या घेरातून जातात, मागची लहान घेरातून. खळ्यावरची पात आठवा. मेढीजवळचा बैल थोडेच चालतो, कडेच्या बैलाला जास्त चालावे लागते. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरीवर ते घसरत नाही. मग सारा ताण गिअरपेटीवर व आसांवर येतो, स्टिअरिंग जड होते आणि गाडी हवी तशी वळत नाही. समोरून वाहन आले, तर जिवावरच बेतते.

सभासदांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. गाडी रुतण्याआधीच, चाके सरळ ठेवून, हळू वेगात फोर-एच घालावे. फोर-एल मात्र गाडी थांबवून, क्लच दाबूनच घालावे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली रीत व वेग पाळावा.

२. डांबरी लागताच टू-एच करावे. दांडी निघत नसेल, तर जोर करू नये. मागे कोणी नाही हे पाहून गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, ताण सुटतो.

३. ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच असतात. फोर व्हीलमुळे गाडी लवकर थांबत नाही. कन्नडचा औट्रम घाट उतरताना खालचा गिअरच कामाला येतो.

४. चारही टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले असावेत.

५. गाडी रुतली की चाके गरगरा फिरवू नयेत, ती आणखी खोल जातात. चाकापुढची माती काढून पाचट किंवा फळ्या घालाव्यात. ट्रॅक्टरने ओढताना दोरापासून माणसे लांब उभी करावीत. तुटलेला दोर माणसाला जायबंदी करतो.

घरात गाडी मुलगा किंवा गडी चालवत असेल, तर त्यालाही हे वाचून दाखवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी