एका गोळीचे काम नव्हे

अल्सरच्या रुग्णाला डॉक्टर चौदा दिवसांचा कोर्स लिहून देतात. त्यात आम्ल कमी करणारी गोळी असते, दोन प्रतिजैविके असतात आणि अनेकदा बिस्मथही असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटातली आग शमते. चार-पाच दिवसांनी मात्र तोंडाला कडवट, लोखंड चाटल्यासारखी चव येऊ लागते, मळमळते, एखाद्याला जुलाबही होतात. मग घरातल्या घरातच निर्णय होतो: जिने बरे वाटले ती गोळी चालू ठेवायची, ज्यांचा त्रास होतो त्या बंद करायच्या. शहाणपणाचा वाटणारा हा निर्णय उपचाराच्याच मुळावर येतो. आराम देणारी गोळी वेगळी, अल्सर पुन्हा होऊ नये म्हणून काम करणाऱ्या गोळ्या वेगळ्या, आणि या सगळ्या एकाच वेळी पोटात असल्या तरच गुण येतो. एवढी गोष्ट ध्यानात यायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली.

१९१० मध्ये कार्ल श्वार्त्स या शल्यचिकित्सकाने सूत्र मांडले की आम्ल नाही तर अल्सर नाही. पुढची सगळी खटपट आम्लाभोवतीच फिरत राहिली. शिकागोचे डॉ. बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५ मध्ये दर तासाला दूध-साय आणि वर अल्कधर्मी चूर्ण देण्याची पद्धत सांगितली. आपल्याकडे छातीत जळजळले की थंड दूध प्यायला सांगतात, त्यामागेही हीच समजूत आहे. दुधाने घटकाभर बरे वाटते, पण त्यातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे जठर थोड्या वेळाने आणखी आम्ल स्रवते. १९४० च्या दशकात शिकागोतच लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी जठराला जाणारी मज्जातंतूची शाखा कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. कित्येकांच्या जठराचा भागच काढून टाकावा लागे. १९७६ मध्ये सिमेटिडीन ब्रिटनमध्ये बाजारात आले आणि पहिल्यांदाच गोळीने अल्सर भरू लागला. हे औषध शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण एक खोच उरली होती. गोळी बंद केली की वर्षभरात बहुतेकांचा अल्सर परत येई. त्यामुळे गोळी जन्माची सोबतीण झाली.

सिमेटिडीन येण्याच्या बऱ्याच आधी ग्रीसमधल्या मेसोलोंगी या गावात एक डॉक्टर वेगळ्याच वाटेने गेला होता. जॉन लायकूडिस यांनी १९५८ मध्ये स्वतःच्या पोटाच्या दुखण्यावर प्रतिजैविके घेतली आणि त्यांना गुण आला. मग ते रुग्णांनाही तशीच औषधे देऊ लागले. १९६१ मध्ये त्यांनी एकाहून अधिक जंतुनाशक द्रव्यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. रुग्णांची रीघ लागली, पण वैद्यकीय पत्रिकांनी त्यांचा लेख छापला नाही आणि १९६८ मध्ये शिस्तपालन समितीने त्यांना ४,००० द्राख्मांचा दंड ठोठावला. अल्सरमागे जंतू असावा एवढा त्यांचा तर्क बरोबर होता. तो जंतू त्यांना दाखवता आला नाही. १९८० मध्ये ते वारले.

जंतू दाखवला तो ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. रोगनिदानतज्ज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत वाकडे, मळसूत्री आकाराचे जिवाणू दिसत होते. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जिवाणू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात, कारण दोन दिवसांत वाढ दिसली नाही की बशी फेकून देण्याचा रिवाज होता. १९८२ च्या ईस्टरच्या लांबलेल्या सुट्टीत बशा पाच दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढले. पुढे मार्शल यांनी हे जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, तो किस्सा सर्वांना ठाऊक आहे. पण रुग्णाच्या दृष्टीने जास्त मोलाचा प्रयोग १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. अल्सरच्या १०० रुग्णांना सिमेटिडीन किंवा बिस्मथ दिले गेले आणि सोबत काहींना टिनिडॅझोल हे प्रतिजैविक, तर काहींना खोटी गोळी. ज्यांच्या पोटातून जिवाणू नाहीसा झाला त्यांच्यापैकी ९२ टक्क्यांचा अल्सर दहा आठवड्यांत भरला. जिवाणू टिकला तिथे हे प्रमाण ६१ टक्के होते. वर्षभराने पाहिले तर जिवाणू टिकलेल्या गटातल्या ८४ टक्के रुग्णांचा अल्सर परतला होता, तर जिवाणू गेलेल्या गटात २१ टक्क्यांचा. वॉरन आणि मार्शल यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले.

जिवाणूच मारायचा तर एक चांगले प्रतिजैविक पुरायला हवे. ते का पुरत नाही, हे कळण्यासाठी हा जिवाणू, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, राहतो कुठे ते पाहावे लागते. जठराच्या आतल्या अस्तरावर श्लेष्माचा जाड थर असतो. हा जिवाणू त्या थरात शिरून खालच्या पेशींना बिलगून बसतो. आम्लात तग धरण्यासाठी तो युरिएज नावाचे विकर भरपूर तयार करतो. हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया बनवते आणि जिवाणूच्या आसपासचे आम्ल मवाळ होते. एंडोस्कोपीच्या खोलीत हे डोळ्यांनी बघता येते. डॉक्टर जठरातून बाजरीच्या दाण्याएवढा तुकडा काढून युरिया असलेल्या पिवळ्या जेलीत टोचतात. जिवाणू असेल तर अमोनियामुळे तुकड्याभोवती गुलाबी रंग चढू लागतो. कधी हे काही मिनिटांतच होते, कधी काही तास थांबावे लागते. जो अमोनिया जिवाणूला वाचवतो, तोच त्याची चुगली करतो.

अशा जागी प्रतिजैविकापुढे दोन अडचणी येतात. क्लॅरिथ्रोमायसिन आम्लात लवकर निकामी होते. अमॉक्सिसिलिनची गोष्ट वेगळी. ते जिवाणूची भित्तिका बांधली जात असतानाच घाव घालते, म्हणजे दुभंगत असलेल्या जिवाणूलाच मारू शकते. तीव्र आम्लात मात्र बरेचसे जिवाणू वाढ थांबवून नुसते तग धरून असतात, त्यामुळे औषधाला घाव घालायला संधीच मिळत नाही. इथे ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलसारखी गोळी उपयोगी पडते. तिने आम्ल उतरले की जिवाणू पुन्हा वाढीला लागतात आणि अमॉक्सिसिलिनच्या तावडीत सापडतात. जळजळ शमवणारी म्हणून आपण जिला ओळखतो, ती गोळी या कोर्समध्ये प्रतिजैविकांसाठी रान मोकळे करण्याचे कामही करते. तिची मात्रा दिवसातून दोनदा असते ती याचसाठी.

दोन प्रतिजैविके का, याचे उत्तर गणितात आहे. समजा, पहिल्या औषधाला न जुमानणारा जिवाणू एक कोटीत एक निघतो आणि दुसऱ्याला न जुमानणाराही एक कोटीतच एक. दोन्हींना पुरून उरणारा एक जिवाणू निघायचा तर एकावर चौदा शून्ये एवढे जिवाणू लागतील. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि तो कोटीतला एक मोकळ्या जागेत फोफावतो. क्षयरोगाने हा धडा आधीच दिला होता. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत सुधारलेले रुग्ण पुन्हा खालावू लागले. सोबत दुसरे औषध दिल्यावर ती गळती थांबली. अल्सरच्या बाबतीत सिडनीचे थॉमस बोरोडी यांनी १९८० च्या दशकात बिस्मथ, मेट्रोनिडॅझोल आणि टेट्रासायक्लिन असे त्रिकूट वापरले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने जिवाणू सापडलेल्या प्रत्येक अल्सर रुग्णाला आम्लरोधकासोबत प्रतिजैविके द्यावीत, अशी शिफारस केली.

पुढे आम्लरोधक, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन हा संच जगभर रूढ झाला. पण खोकला आणि घशाच्या दुखण्यावर क्लॅरिथ्रोमायसिन व त्याच्या भाईबंदांचा सढळ वापर होत राहिला. जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने हा जिवाणू त्यांना दाद देईनासा होतो. एखाद्या भागात असे जिवाणू १५ टक्क्यांहून अधिक असतील तर हा संच डोळे मिटून देऊ नये, असे युरोपातली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. भारतात मेट्रोनिडॅझोलचीही तीच गत आहे, कारण जुलाब किंवा आमांश झाला की ती गोळी चिठ्ठीवाचूनही घेतली जाते. म्हणून आता कल चार औषधांकडे आहे: आम्लरोधक, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल, तेही चौदा दिवस. अमेरिकन जठररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये याच संचाला पहिली पसंती दिली. बिस्मथ हा जुना धातू इथे कामाला येतो, कारण तो जिवाणूवर अनेक बाजूंनी मारा करतो आणि त्याला दाद न देणारे जिवाणू फारसे आढळत नाहीत. मात्रा आणि दिवस पुरेसे असले तर मेट्रोनिडॅझोलला सरावलेला जिवाणूही या चौकडीपुढे बऱ्याचदा नमतो.

कागदावर सोपा वाटणारा हा कोर्स घरात अवघड होतो. आम्लरोधक जेवणाआधी अर्धा तास घ्यायचा, प्रतिजैविके बहुधा जेवणानंतर. टेट्रासायक्लिन दिवसातून चार वेळा. मोजायला बसले तर दिवसाला दहाच्या पुढे गोळ्या जातात. ‘गोळ्या उष्ण पडतात’ म्हणून कोणी त्या दुधाबरोबर घेतो. पण दुधातले कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवते आणि औषध रक्तात पुरेसे जातच नाही. बिस्मथमुळे शौचाला काळे होते, ते पाहून रक्तस्राव झाला असे वाटून माणूस घाबरतो आणि कोर्स थांबवतो. मेट्रोनिडॅझोलवर असताना दारू घेतली तर उलट्यांनी हैराण व्हायची पाळी येऊ शकते. डॉक्टरांनी पाच मिनिटे खर्चून हे आधीच सांगितले तर पाचव्या दिवशी गोळ्या कचऱ्यात जात नाहीत.

प्रत्येक अल्सर जिवाणूचाच असतो असे मात्र नाही. गुडघे-कंबरेसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि ॲस्पिरिन हे दुसरे मोठे कारण. तिथे जमल्यास वेदनाशामक बंद करून आम्लरोधक देतात आणि जिवाणू आहे का हेही तपासतात. दोन्ही कारणे एकत्र आली तर धोका वाढतो. डांबरासारखी चिकट, दुर्गंधीयुक्त काळी शौच, रक्ताची उलटी किंवा विनाकारण घटणारे वजन यांपैकी काहीही दिसले तर दुकानातून गोळी आणून वेळ काढू नये, थेट रुग्णालय गाठावे.

कोर्स पुरा झाला, पोट शांत आहे, तरी एक काम उरते. प्रतिजैविके संपून किमान चार आठवडे आणि आम्लरोधक बंद करून दोन आठवडे झाल्यावर श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करायची. ही तपासणी बहुतेक जण टाळतात, कारण दुखत नाही तर पैसे कशाला घालवायचे, असे वाटते. पण न दुखण्यावरून फार तर आम्ल कमी झाल्याचे कळते. जिवाणू राहिला असेल तर पुढच्या वेळी वेगळ्या औषधांचा संच लागेल, आणि अर्धवट सोडलेल्या प्रत्येक कोर्सगणिक त्या संचासाठी उरलेले पर्याय कमी होत जातात.